लगोरी, रोबोट आणि स्पर्धेआधीचा आठवडा

लगोरी हा खेळ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरशीचे तुकडे एकावर एक रचायचे, चेंडू मारून उधळायचे आणि समोरच्या गड्यांनी चेंडूनं टिपायच्या आत पुन्हा रचून काढायचे. 2022 साली नवी दिल्लीत आशिया-पॅसिफिक देशांतले अभियांत्रिकीचे विद्यार्थी हाच खेळ खेळले. मैदानात चेंडू फेकणारे, पळणारे आणि चकत्या रचणारे मात्र रोबोट होते. मुलं कडेला उभी, कुणाच्या हातात रिमोट, कुणी नुसतं डोळे लावून. चकत्या पाच होत्या. रचणाऱ्या संघाच्या रोबोटच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असे आणि विरुद्ध संघाचा रोबोट तो नेम धरून पाडायला बघे.

या स्पर्धेचं नाव एबीयू रोबोकॉन. एबीयू ही आशिया-पॅसिफिक भागातल्या रेडिओ-दूरचित्रवाणी संस्थांची संघटना आहे, म्हणून आपल्याकडे हा कार्यक्रम एखाद्या विज्ञान मंडळाऐवजी दूरदर्शनकडे आला. मुळं जपानात आहेत. तोक्यो तंत्रज्ञान संस्थेतले प्राध्यापक मासाहिरो मोरी विद्यार्थ्यांना थोडंसं सामान देऊन यंत्रं बनवायला आणि ती एकमेकांविरुद्ध उतरवायला लावत. त्या कल्पनेवर एनएचके या जपानी वाहिनीनं 1988मध्ये स्पर्धा सुरू केली आणि 2002मध्ये तोक्योतच आशिया-पॅसिफिक पातळीवरची पहिली रोबोकॉन झाली. यजमान देश दरवर्षी नवी थीम ठरवतो, आणि ती बहुधा त्याच्या मातीतली असते. 2008मध्ये यजमानपद पुण्याकडे होतं, तेव्हा थीम होती दहीहंडी. 2014मध्ये पुन्हा पुण्यातच आई-बाप रोबोटनं बाळ रोबोटला बागेतल्या सीसॉवर आणि झोक्यावर खेळवायचं होतं. 2019मध्ये उलानबातरला मंगोलियातल्या घोडेस्वारांच्या डाकेवर खेळ बेतला होता, त्यामुळे एक रोबोट चार पायांवर चालणारा हवा, अशी अट होती. आपली राष्ट्रीय फेरी कितीतरी वर्षं पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरायची, पुढे ती दिल्लीला गेली. म्हणून पुणे-मुंबई-सांगलीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोकॉन हा शब्द ऐकला नाही असा मुलगा सापडणं कठीण.

थीम कळते तेव्हापासून राष्ट्रीय फेरीपर्यंत संघाच्या हाती साधारण वर्षातले बरेचसे महिने असतात. रूलबुक वाचणं, पुठ्ठ्याचे नमुने, संगणकावरची चित्रं, ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या कापणं, भोसरीच्या एमआयडीसीत लेझर कटिंगला चकरा, बुधवार पेठेत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची खरेदी, हे सगळं त्यात येतं. त्यावर पुष्कळ लिहून येतं, फोटोही छापून येतात. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण त्या आठवड्यात दाखवण्यासारखं नवं काही घडत नाही. रोबोट उभा असतो, चालत असतो, सगळ्या क्रिया त्याला येत असतात. माझ्या मते संघाचा निकाल बऱ्याच अंशी या आठवड्यातच लागतो, आणि त्यामागचं कारण साध्या गणितात आहे.

समजा लगोरीची एक फेरी पुरी करायला रोबोटला दहा गोष्टी ओळीनं कराव्या लागतात: जागेवर जाणं, नेम, फेक, चकती शोधणं, पकडणं, उचलणं, वळणं, सरळ रेषेत येणं, ठेवणं, पकड सोडणं. यातली प्रत्येक गोष्ट शंभरात पंच्याण्णव वेळा बिनचूक होते, असं धरू. ऐकायला हे छान वाटतं. पण दहाही गोष्टी एकापाठोपाठ बिनचूक होण्याची शक्यता 0.95चा दहावा घात, म्हणजे सुमारे 60 टक्के. दहातल्या चार फेऱ्या वाया. हाच रोबोट प्रत्येक गोष्ट शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर करू लागला, तर पूर्ण फेरी जमण्याची शक्यता 90 टक्क्यांवर जाते. पंच्याण्णव आणि नव्व्याण्णव यांतला फरक एखाद-दुसऱ्या वेळी बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तो फक्त वीस-वीस, तीस-तीस वेळा तीच फेरी करून, दर वेळी काय झालं ते लिहून ठेवलं तरच दिसतो.

म्हणून या आठवड्यात कार्यशाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू असते एक वही. चांगल्या संघाची वही बघावी. रकाने आखलेले असतात: रनचा क्रमांक, बॅटरीचा व्होल्टेज, हवेचा दाब, किती सेकंद लागले, कुठे अडला. शेरे तुटक असतात. 'तिसरी चकती तिरकी.' 'डावं चाक घसरलं.' 'ग्रिपर उघडला नाही, पाइप निसटला.' दोन पानं भरली की एक गोष्ट लख्ख दिसू लागते: रोबोट अडतो तो वाट्टेल तिथे अडत नाही. दोन-तीन ठरलेल्या जागा असतात. चौदा रनमध्ये पाच वेळा एकच पाइप निसटला असेल, तर त्याला दुर्दैव म्हणून चालत नाही. त्या पाइपची जागा चुकलेली आहे. वही नसलेला संघ दर वेळी नवा अंदाज बांधतो, दर वेळी भलतंच काहीतरी बदलतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

मग अडतं कुठे? पहिला मान फेकीचा.

चेंडू फेकायची एक रूढ रचना अशी: दोन रबरी चाकं समोरासमोर, उलट दिशांनी फिरणारी, आणि मधल्या फटीतून चेंडू ढकलायचा. चाकाच्या कडेचा वेग जवळपास चेंडूला मिळतो. 10 सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला साधारण 1,900 फेरे घेत असेल, तर कडेचा वेग सेकंदाला 10 मीटरच्या आसपास येतो. हवेचा विरोध बाजूला ठेवला आणि 45 अंशांत फेकलं, तर चेंडू त्याच उंचीवर साधारण 10 मीटर लांब पडतो. आता मेख अशी, की ही लांबी वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग 3 टक्क्यांनी कमी झाला, की लांबी जवळजवळ 6 टक्क्यांनी घटते, म्हणजे 60 सेंटिमीटर. ज्या चकत्यांवर नेम धरला, त्यांच्या पुढ्यातच चेंडू टप्पा खातो.

आणि वेग 3 टक्क्यांनी कमी व्हायला फार काही लागत नाही. संघ सहसा लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात. सहा सेलच्या बॅटरीचा व्होल्टेज कागदावर 22.2 असतो, स्पर्धेची मर्यादा 24 व्होल्टची, तेव्हा ती बसते. पण पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज 4.2 असतो, म्हणजे सहांचा मिळून 25.2. वापरता वापरता सेल 3.5वर आला, की बेरीज 21 होते. मोटर थेट बॅटरीला जोडली असेल, तर सकाळच्या पहिल्या फेकीत आणि दुपारच्या दहाव्या फेकीत मोटरला मिळणारा रेटाच वेगळा. मुलं सकाळी नेम बसवतात, दुपारी तो बिघडतो, पुन्हा बसवतात, रात्री नवी बॅटरी लावली की पुन्हा बिघडतो. दोन दिवस असे जाताना मी पाहिले आहेत. उपाय ठाऊक असतो: चाकाच्या आसावर एन्कोडर बसवायचा, तो चाक किती वेगानं फिरतंय ते दर क्षणी सांगतो, आणि कंट्रोलर वेग कमी पडला की वीज वाढवतो, जास्त झाला की कमी करतो. यालाच पीआयडी म्हणतात. चूक आत्ता किती आहे, आतापर्यंत किती साचली आणि किती झपाट्यानं बदलते आहे, या तीन आकड्यांना तीन गुणकांनी गुणून बेरीज करायची आणि तेवढा रेटा द्यायचा. सूत्र दोन ओळींचं. ते तीन गुणक नेमके सापडायला मात्र रात्री जातात. पहिला गुणक फार वाढवला तर वेग ठरलेल्या आकड्याच्या वर-खाली हेलकावे खातो. कमी ठेवला तर चेंडू चाकांत शिरताना जो धक्का बसतो, त्यातून चाक वेळेत सावरत नाही आणि लगेच दुसरा चेंडू आला तर तो आखूड पडतो.

दुसरा प्रश्न आहे 'मी कुठे आहे?' हा. माणूस मैदानात डोळे उघडे ठेवून पळतो, त्याला आपली जागा मोजावी लागत नाही. रोबोट आपली जागा बहुतेक वेळा चाकं मोजून काढतो. खाली मोटर नसलेली, नुसती लोळणारी छोटी चाकं असतात, त्यांना एन्कोडर लावलेला असतो. एका फेऱ्यात 2,400 खुणा मोजणारा एन्कोडर आणि 58 मिलिमीटर व्यासाचं चाक असेल, तर एक खूण म्हणजे 0.08 मिलिमीटरहून कमी अंतर. इतकी बारीक मोजणी हाताशी असताना रोबोट जागा चुकेलच कसा, असं वाटतं. तो चुकतो दिशेत. रोबोटचं तोंड किती अंश वळलं आहे हे सांगणारी जायरोस्कोपची चिप मिनिटागणिक किंचित सरकत जाते. तोंड एका अंशानं चुकलं आणि रोबोट 5 मीटर पुढे गेला, तर तो जवळजवळ 9 सेंटिमीटर बाजूला पोचलेला असतो. चकतीवर चकती ठेवताना 9 सेंटिमीटर म्हणजे चकती जमिनीवरच. म्हणून बरेच संघ वाटेत कुठेतरी रोबोटला मैदानाच्या कडेच्या लाकडी पट्टीला हलकेच टेकवतात. पट्टी सरळ असते, तिला दोन्ही कोपरे टेकले की तोंड सरळ झालं, आकडा पुन्हा शून्य. ही युक्ती मला फार आवडते. महागड्या चिपची चूक सुताराच्या पट्टीनं दुरुस्त होते, आणि ती दर वेळी होते.

हवेचंही असंच. पकड उघड-मीट करायला किंवा काही उचलायला दाबाखालच्या हवेवर चालणारे सिलिंडर लावतात. नियमानं दाब 6 बारपर्यंत चालतो. 32 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला 6 बारची हवा दिली, की दट्ट्या जवळजवळ 49 किलो वजनाइतक्या जोरानं ढकलतो. मुठीत मावेल एवढ्या वस्तूसाठी ही ताकद दांडगी आहे. हवा साठवायला संघ चक्क शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरतात. त्या मुळातच आतला दाब सोसायला बनवलेल्या असतात आणि वजनाला हलक्या असतात. पण बाटलीतली हवा संपते, हे गणित शेवटच्या आठवड्यापर्यंत पुष्कळदा कुणी केलेलं नसतं. 2 लिटरची बाटली 6 बारला भरली आणि सिलिंडरला रेग्युलेटरमधून 4 बार हवा हवी असेल, तर दट्ट्या 10 सेंटिमीटर बाहेर जायला जी हवा लागते, तिच्या हिशेबानं बाटलीतून जेमतेम दहा वेळा पूर्ण जोर मिळतो. आत परत यायलाही हवा लागतेच, म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा उघडझाप. कार्यशाळेत कंप्रेसरची नळी कायम जोडलेली असते, म्हणून हे ध्यानात येत नाही. पूर्ण सामना नळी काढून खेळून बघितला, की चौथी चकती सैल धरली जाते आणि पाचवी पडते. मग दुसरी बाटली लावायची, तर वजन वाढतं, आणि सगळ्या यंत्रांचं मिळून वजन 50 किलोंच्या आत हवं. कुठून तरी तेवढे ग्रॅम कापून काढावे लागतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना रात्री भोकं पाडणारी मुलं दिसली, तर ती वजनाच्या मागे लागलेली आहेत असं खुशाल समजावं.

या तिन्ही गोष्टींत बुद्धीला खाद्य आहे, म्हणून मुलं त्यात रमतात. सामने मात्र जास्त करून हरले जातात ते तारांनी आणि नटांनी.

रोबोट थरथरतो. मोटर, चाकं, दट्ट्याचे धक्के यांनी प्रत्येक नट हळूहळू सैल होत असतो. म्हणून आतून नायलॉनची कडी असलेले नट वापरतात किंवा आट्यांवर लॉकटाइटचा थेंब सोडतात, आणि घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर मार्करनं एक रेघ मारतात, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना न लावता, नुसत्या नजरेनं अर्ध्या मिनिटात सगळा रोबोट तपासून होतो. तारांचं दुखणं जास्त लबाड असतं. सोल्डर करताना वितळलेलं कथील तारेच्या बारीक धाग्यांतून आत चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. कडक भाग जिथे संपतो आणि मऊ तार सुरू होते, नेमकी तिथे थरथरीनं तार आतल्या आत तुटते. वरचं रबर शाबूत, म्हणून दिसत काही नाही. रोबोट उभा असताना सगळं चालतं. पळायला लागला की एक मोटर मधूनच दम टाकते. अशी तार शोधायला एक जण रोबोट चालू ठेवून हातानं तारा हलवत बसतो, दुसरा मल्टिमीटरच्या आवाजाकडे कान लावतो. यावर खरा उपाय म्हणजे तारेला टोकाजवळ आधार देणं, म्हणजे थरथर सांध्यापर्यंत पोचतच नाही. प्लास्टिकचे टाय आणि हॉट ग्लू या दोन स्वस्त वस्तूंनी जितके सामने वाचवले आहेत, तितके कुठल्याही महागड्या सेन्सरनं वाचवले नसतील.

आणखी एक बिघाड असा, की ज्यात कोडरवर हमखास खोटा आळ येतो. चारही चाकांच्या मोटरी एकदम पूर्ण जोरानं सुरू झाल्या की बॅटरीवर झटका बसतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली येतो. कंट्रोलर त्याच बॅटरीवर असेल, तर तेवढ्या क्षणात तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रोबोट मध्येच थांबतो, दोन सेकंदांनी जणू काही झालंच नाही अशा थाटात उभा असतो आणि आपण कुठे आहोत हे विसरलेला असतो. कोडरनं प्रोग्रॅम दहादा वाचला तरी चूक सापडत नाही, कारण ती प्रोग्रॅममध्ये नसतेच. कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी दिली आणि मोटरींचा जोर एकदम न देता चढत्या क्रमानं दिला, की प्रश्न मिटतो. संघात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग असे तीन गट असतात. 'आमच्याकडून ओके आहे' हे वाक्य या आठवड्यात प्रत्येक गटाच्या तोंडी असतं आणि बिघाड बहुधा दोन गटांच्या सीमेवर बसलेला असतो. तो शोधायला तिघांनी एका टेबलाशी बसावं लागतं. रात्री दोन वाजता, पोटात फक्त वडापाव आणि चहा असताना, हे सोपं नसतं.

आठवड्याच्या मध्यावर कधीतरी एक वाद ठरलेला असतो. दुसऱ्या वर्षाचा मुलगा उत्साहानं सांगतो, "दादा, चकती उचलायची वेळ अजून दोन सेकंदांनी कमी करता येईल. नुसतं ग्रिपरचं बोट बदलायचंय. उद्या कटिंगला टाकतो, संध्याकाळी बसवून होईल." शेवटच्या वर्षाचा कॅप्टन वहीतून डोकं वर न काढता म्हणतो, "आत्ताचं बोट सलग किती रन झालंय?" "सव्वीस. एकदाही पडलं नाही." "मग नको." "पण दादा, दोन सेकंद..." "नवं बोट सव्वीस रन करून दाखवायला आपल्याकडे दिवस नाहीत रे."

हा नकार मला या सगळ्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. मुलाचं म्हणणं चूक नसतं. नवं बोट खरंच जास्त चांगलं असू शकतं. पण ते चांगलं आहे हे ठाऊक करून घ्यायला जो वेळ लागतो, तो उरलेला नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत नवं काही सुचवल्याबद्दल गुण मिळतात. चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे शिकवणारा विषय कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मुलं ते इथे शिकतात, तेही एकमेकांकडून.

अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी फर्स्ट नावाची मोठी रोबोट स्पर्धा आहे. डीन केमन या संशोधकानं 1989मध्ये ती संस्था काढली, एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी स्पर्धेला आकार दिला आणि 1992मध्ये पहिली स्पर्धा झाली. तिथे पुष्कळ वर्षं एक कडक नियम होता: थीम जाहीर झाल्यापासून सुमारे सहा आठवडे बांधणीला, त्यानंतर रोबोट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील लावायचा आणि स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. 2020च्या हंगामापासून हा नियम काढून टाकला. त्यामागे कारणंही होती: पैसेवाले संघ सरावासाठी दुसरा जुळा रोबोट बांधत आणि सील लागल्यावरही शिकत राहत. रोबोकॉनमध्ये असं सील कधी नव्हतं. इथे थांबायचं कधी, हे संघानंच ठरवावं लागतं, आणि ठरवलं तर पाळावं लागतं. काही संघ प्रोग्रॅम गोठवण्याचा दिवस आधीच फळ्यावर लिहून ठेवतात. त्यानंतर फक्त आकडे बदलायचे, तर्क बदलायचा नाही. बदलायचे आकडेही सगळे एका फाइलमध्ये वेगळे काढून ठेवलेले असतात: फेकीचा वेग, सेन्सरची पातळी, वळणाचे अंश.

उरलेले दिवस मग माणसांच्या तालमीचे. सामना बहुधा तीन मिनिटांचा आणि त्याआधी रोबोट मैदानात आणून मांडायला एक मिनिट. हे एक मिनिट फार लहान आहे. रोबोट उचलून आणायचा, खुणेवर ठेवायचा, बॅटरी जोडायची, हवेचा दाब बघायचा, जायरोस्कोप स्थिर होईपर्यंत रोबोटला धक्का लागू द्यायचा नाही, रिमोट जोडला गेला का ते पाहायचं. मैदानात फक्त तीन विद्यार्थी असतात, तेव्हा कोणाचा हात कुठे, हे ठरलेलं लागतं. कार्यशाळेत एक जण स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि बाकीचे तीच हालचाल पुन:पुन्हा करतात. चांगला संघ चाळीस सेकंदांत मोकळा होतो. चांगले कॅप्टन मुद्दाम गोंधळही घालतात: अचानक बॅटरी काढून घे, रिमोट बंद कर, एक चकती पाडून ठेव. सामन्यात रिट्राय मागता येतो, रोबोट परत सुरुवातीला आणता येतो, पण घड्याळ थांबत नाही. रिट्राय कधी मागायचा आणि कोणी मागायचा, हे आधी ठरलेलं नसेल, तर दहा सेकंद एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात जातात. रोबोटच्या पॅनेलवरचं लाल इमर्जन्सी बटण कोण दाबणार, हेही पक्कं करावं लागतं. ते बटण नियमानं बंधनकारक आहे, आणि ते दाबायला धजणारा मुलगा संघात हवाच. स्वतःच्या हातांनी बांधलेला रोबोट वेडावाकडा फिरू लागला, तरी तो सावरेल अशी आशा क्षणभर वाटतेच, आणि तेवढ्या क्षणात कुणाच्या तरी पायावर चाळीस किलो येऊ शकतात.

पॅकिंग हा वेगळाच सोहळा. प्लायवूडची पेटी, आत फोम, रोबोटची चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली ठोकळे. बॅटऱ्या पूर्ण भरून न्यायच्या नसतात, सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून, टोकं झाकून, आगीला तोंड देणाऱ्या पिशव्यांत घालायच्या. विमानानं जाणाऱ्यांना आणखी एक हिशेब असतो: विमान कंपन्या केबिनमध्ये 100 वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सहज नेऊ देतात, त्यावर परवानगी मागावी लागते, आणि 22.2 व्होल्ट, 5,000 मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी 111 वॅट-तासांची भरते. सुट्या भागांची यादी वहीवरूनच करतात, कारण काय मोडतं ते वहीला ठाऊक असतं. जी वस्तू एकदा मोडली तिचे दोन नग, जी कधीच मोडली नाही तिचा एक. अंगठ्याएवढी ॲलन की दर वर्षी कमीत कमी तीन जणांच्या खिशात हवी, हे अनुभवी संघांना कुणी सांगावं लागत नाही.

स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर सरावाला मैदान मिळतं ते थोडा वेळ, आणि तेवढ्यात आठवडाभराच्या कामाची परीक्षा होते. घरच्या मैदानावर प्लायवूडला रंग आपण दिलेला असतो. इथल्या रंगावर चाकं जास्त घसरतात किंवा जास्त चिकटतात. शिवाय ही दूरचित्रवाणीची स्पर्धा आहे, वर चित्रीकरणाचे प्रखर दिवे असतात. रेघ ओळखणारे सेन्सर आणि कॅमेरे कार्यशाळेच्या ट्यूबलाइटखाली शिकलेले असतात, त्यांना इथला पांढरा रंग निराळा दिसतो. म्हणून शहाणे संघ सेन्सरभोवती काळ्या कागदाचा किंवा कापडाचा झगा लावतात, बाहेरचा उजेड आत येतच नाही. शेजारच्या पिटमध्ये, म्हणजे संघांच्या तयारीच्या जागेत, पन्नास रिमोट आणि शेकडो मोबाइल चालू असतात, त्यामुळे ब्लूटूथ अडखळतो. तो कोणत्या अंतरापर्यंत धरतो, हे इथेच मोजून घ्यावं लागतं.

ज्यांनी आकड्यांची फाइल वेगळी काढून ठेवलेली असते, ते सरावात ठरलेल्या क्रमानं जातात. आधी रोबोट सरळ पाच मीटर चालवून किती घसरला ते मोजायचं, मग पांढऱ्या आणि रंगीत भागावर सेन्सर ठेवून दोन आकडे लिहायचे, मग तीन फेकी, तीनही कुठे पडल्या त्याची खूण, आणि फेकीच्या वेगात तेवढाच बदल. शेवटी एक पूर्ण रन, घड्याळ लावून. वेळ संपल्याची शिट्टी होते तेव्हा फाइलमधले चार आकडे बदललेले असतात, प्रोग्रॅमची एकही ओळ बदललेली नसते, आणि संघ रोबोट उचलून पिटकडे निघतो, नटांवरच्या रेघा तपासायला.